पान एकशे तेरा

एकाच आठवड्यात दोन तक्रारी आल्या,
दोन्हींना एकाच पानाची झेरॉक्स टाचलेली.

पहिली गुरुदास मळीक यांची.
वहीच्या कागदावर बॉलपेनने चार ओळी,
कडेला अंगठ्याएवढी खाणीची तांबडी धूळ:
'ह्या पानावर जो शब्द आहे
त्या शब्दाने माझ्या बापाला हाक मारायचे.
माझ्या मुलीने तो वर्गात उभं राहून वाचायचा?'

दुसरी वकिलामार्फत, जाड कागदावर.
कादंबरीतला भाटकार म्हणे अशिलाच्या आजोबांवर बेतलेला,
तशीच चांदीच्या मुठीची काठी, तसंच नदीकाठचं कुळागर;
तो शब्द त्याच्या तोंडी घातल्याने
घराण्याची बदनामी होते.

एकाला शब्द नको होता.
दुसऱ्याला, तो कोणी उच्चारला ते.
मुख्याध्यापक म्हणाले, बघा, दोघांचं एकमत आहे.

समिती बसली. चहा आला, मिरचीभजी आली, पाव.
सात माणसं आणि एक पान.
पुस्तक मी पिशवीत घेऊन गेले होते,
कोणी मागितलंच तर.
'अभिजात आहे, मान्य,' एक सदस्य म्हणाले,
'पण दहावीला जरा कमी अभिजात चालेल.'
ठराव झाला: पान ११३ परीक्षेला नाही.

मी काही बोलले नाही.
एकोणीस वर्षं डिचोलीत ही कादंबरी शिकवतेय
आणि एकोणीस वर्षं एकशे बाराव्या पानाच्या तळाशी
मला खोकला येतो.
पाणी पिते. म्हणते, हे पुढचं घरी वाचा.
आणि एकशे पंधरापासून सुरू करते.
माझ्याविरुद्ध कधी तक्रार आली नाही.
ना चहा लागला, ना ठराव.

आमच्या शेजारी रघुवीर च्यारी राहतात, पंच्याऐंशीचे,
पोर्तुगिजांच्या वेळी छापखान्यात पोरगे होते.
लग्नपत्रिकासुद्धा तेव्हा सेन्सॉरला दाखवावी लागे.
एकदा साहेबाने वधूच्या नावाखाली रेघ मारली
आणि अर्थ विचारला. नाव होतं मुक्ता.
'मोती, सेन्योर,' हे म्हणाले.
शिक्का पडला.
'खोटं नव्हतं,' च्यारी अजून सांगतात,
'फक्त अर्धा अर्थ खिशात ठेवला.'
मग थोडं थांबून,
'पण त्याने वाचलं तरी होतं.'

शनिवारी शाळा सुटल्यावर मळीक आले.
वाचनालयाच्या दारात चपला काढल्या,
काढू नका म्हटलं तरी काढल्या.
घडी घालून घालून मऊ पडलेली झेरॉक्स पुढे केली.
'बाय, हें हांगाच सोंपता.
मागीर ती कितें म्हणटा?'

ती काय म्हणते.
वकिलाने विचारलं नव्हतं, समितीने नाही,
एकोणीस तुकड्यांतल्या एकाही मुलाने नाही,
कारण विचारू नये असाच तो खोकला होता.
आणि मला, बाईंना,
तिचं उत्तर पाठ असायला हवं होतं.

'मागच्या बाजूला आहे,' एवढंच म्हणाले,
आणि पुस्तक दिलं.

ते उभ्यानेच वाचू लागले, वरपासून,
ओळीखाली बोट, ओठ हलताहेत, आवाज नाही.
त्या शब्दापाशी बोट थांबलं.
बराच वेळ तिथेच राहिलं,
कोणाच्या तरी खांद्यावर ठेवल्यासारखं.

बाहेर प्रतीक्षा सायकलची घंटी वाजवत होती,
एकदा, दोनदा,
मग तीही थांबली.

मळीकांनी अंगठा जिभेला लावला.